ओरखड्याची पारख : घरगुती सुतारकामासाठी सँडर निवडताना

लाकूड गुळगुळीत करणे म्हणजे त्यावरचे ओरखडे नाहीसे करणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः घासकामात मोठ्या ओरखड्यांची जागा लहान ओरखडे घेतात, लहानांची जागा त्याहून लहान घेतात, आणि हा क्रम पुढे नेत गेले की अखेरीस ते इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत आणि बोटाला लागत नाहीत. करवतीच्या दात्यांच्या खुणा, यांत्रिक रंध्याच्या फिरत्या पात्यांनी उमटवलेल्या लाटा, दोन फळ्यांच्या जोडावर राहिलेला उंचसखलपणा हे सारे याच क्रमाने उतरवावे लागते, आणि ते हाताने करायचे तर वस्तू घडवण्याच्या एकूण वेळेचा मोठा वाटा त्यातच जातो. विजेवर चालणारे घासयंत्र, म्हणजे बाजारात ज्याला सँडर म्हणतात ते, हा वेळ आणि खांद्याचे श्रम दोन्ही वाचवते.

परंतु पाट, चौरंग, देव्हारा किंवा पुस्तकांची मांडणी स्वतःच्या हाताने करू पाहणारा माणूस असे यंत्र घ्यायला निघतो तेव्हा त्याच्यासमोर आकड्यांची मोठी रांग उभी राहते. किती वॅटची मोटर, मिनिटाला किती फेरे, किती इंचांचे पॅड, यांची तुलना करता करता मूळ प्रश्न बाजूला पडतो. प्रत्येक प्रकारचा सँडर लाकडावर एका ठरावीक जातीचा ओरखडा सोडतो, आणि तो ओरखडा पुढच्या कागदाने सहज निघणार की पॉलिशच्या पहिल्या हाताखाली उठून दिसणार, यावर त्या यंत्राची योग्यता ठरते. म्हणून सँडरची निवड ही आधी ओरखड्याची पारख असते आणि मोटरची पारख त्यानंतर येते.

कागदाचा नंबर आणि कणाची जाडी

लाकूड कापण्याचे खरे काम कागदावरचे कण करतात आणि यंत्र फक्त त्या कणांना हालचाल देते, त्यामुळे यंत्राआधी कागद समजून घेणे इष्ट ठरते. मराठीत ज्याला पॉलिशपेपर म्हणतात त्याच्या इंग्रजी नावात वाळू असली तरी आजच्या कागदावर वाळू नसते. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये अशा कागदाच्या उत्पादनाचा कारखाना उभा केला तेव्हा कागदावर काचेचा चुरा चिकटवला जाई. पुढे त्याची जागा विद्युतभट्टीत तयार होणाऱ्या कठीण पदार्थांनी घेतली. आज लाकडासाठी मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरले जातात, कारण ते घासताना तुटून नवी धार दाखवतात व बराच काळ टिकतात. सिलिकॉन कार्बाइडचे काळसर कण अधिक तीक्ष्ण पण ठिसूळ असल्यामुळे ते पॉलिशच्या दोन हातांमधील हलक्या घासणीसाठी आणि पाण्याने घासायच्या कागदासाठी योग्य ठरतात. भारतात या उद्योगाचा पाया स्वातंत्र्याच्या आसपासच घातला गेला : रायगड जिल्ह्यात उरणजवळच्या मोरा या किनारी गावी १९४१ मध्ये ग्राइंडवेल या कंपनीचे काम सुरू झाले आणि मद्रासमध्ये १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली, जिचे क्युमी हे संक्षिप्त नाव सुतारांच्या तोंडी बसलेले आहे.

कागदाच्या पाठीवर छापलेला नंबर हा कणांच्या बारीकपणाचा निर्देशक असतो. कण ज्या चाळणीतून गाळले जातात तिच्या एक इंच लांबीत किती छिद्रे आहेत यावरून ही मोजणी सुरू झाली, म्हणून नंबर जितका मोठा तितका कण बारीक. नंबराआधी पी हे अक्षर असेल तर तो कागद युरोपीय प्रमाणपद्धतीचा समजावा, आणि त्या पद्धतीत ८० नंबरच्या कणाचा सरासरी व्यास सुमारे २०० मायक्रॉन, १२० नंबरचा १२५, १८० नंबरचा ८२ आणि २४० नंबरचा सुमारे ५८ मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या चार आकड्यांतच घासकामाचे सगळे शास्त्र सामावलेले आहे. ८० नंबरने पाडलेले चर १२० नंबरचा कण सहज गाठतो, १२० नंबरचे चर १८० नंबरचा कण गाठतो. परंतु वेळ वाचवण्यासाठी ८० वरून थेट २४० वर उडी घेतली, तर बारीक कण मोठ्या चरांच्या फक्त कडा चमकवतात आणि तळ तसाच राहतो. कच्च्या लाकडावर हा दोष दिसत नाही. त्यावर रंगाचा किंवा पॉलिशचा पहिला हात बसला की चरांत रंग अधिक मुरतो आणि मग तो लपवता येत नाही.

चार प्रकारची हालचाल

सँडरचे प्रकार बाह्य आकारावरून ओळखले जात असले, तरी त्यांच्यातला खरा भेद कागदाच्या हालचालीचा आहे. पहिला प्रकार पट्ट्याच्या सँडरचा, ज्याला बेल्ट सँडर म्हणतात. यात दोन रुळांवर ताणलेला कागदी वा कापडी पट्टा एकाच दिशेने सतत धावतो, आणि त्याचा वेग साधारणपणे मिनिटाला २०० ते ४०० मीटर असतो. हातात धरून वापरता येईल असा पट्ट्याचा सँडर अमेरिकेतील पोर्टर-केबल या कंपनीने १९२६ मध्ये बाजारात आणला, आणि आजही मूळ रचना फारशी बदललेली नाही. या यंत्राचे ओरखडे सरळ रेषेत पडतात, त्यामुळे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवले तर ओरखडे रेषांत मिसळून जातात. परंतु त्याचे वजन बहुधा ३ किलोच्या वर असते आणि भूक मोठी असते. ते क्षणभर एका जागी थांबले किंवा एका बाजूला कलले तरी फळीत खळगा पडतो, आणि तो खळगा काढण्यासाठी सगळी फळीच तेवढी खाली उतरवावी लागते. जुन्या लाकडाच्या फळ्या सपाट करणे, दाराच्या कडा उतरवणे, चिकटवलेल्या फळ्यांचा पाटा एका पातळीत आणणे अशा कामांसाठी त्याला तोड नाही. मात्र नवशिक्याच्या हातातले पहिले यंत्र म्हणून ते अयोग्य आहे.

दुसरा प्रकार चौकोनी पॅडच्या ऑर्बिटल सँडरचा. ऑर्बिट म्हणजे कक्षा. या यंत्रात पॅड स्वतःभोवती न फिरता दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या चिमुकल्या वर्तुळात थरथरते, आणि असे फेरे मिनिटाला १४,००० च्या आसपास होतात. बाजारात मिळणारा पॉलिशपेपरचा पूर्ण ताव २३० बाय २८० मिलिमीटरचा असतो व त्याचे चार समान तुकडे केले की लहान सँडरवर बसणारा तुकडा मिळतो, म्हणून त्याला पाव तावाचा सँडर असे म्हणता येईल. साधा, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कागद कात्रीने कापून चिमट्यात अडकवता येणे, चौकोनी पॅड कोपऱ्यापर्यंत पोहोचणे आणि खळगे पडण्याची भीती जवळजवळ नसणे हे त्याचे गुण. तर संथपणा आणि प्रत्येक कणाने त्याच त्या वर्तुळात फिरून उमटवलेली सूक्ष्म वेटोळी हे त्याचे दोष होत.

तिसरा प्रकार रँडम ऑर्बिटल सँडरचा, आणि घरगुती कामाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. यात गोल पॅड मोटरच्या दांड्यावर थेट बसवलेले नसते. दांड्याच्या मध्यापासून किंचित बाजूला असलेल्या बेअरिंगवर ते मोकळे टेकलेले असते. त्यामुळे पॅड एकीकडे छोट्या कक्षेत थरथरते आणि दुसरीकडे बेअरिंगच्या घर्षणाने ओढले जाऊन स्वतःभोवतीही सावकाश फिरते. या दोन गती एकमेकींशी बांधलेल्या नसल्यामुळे कोणताही कण पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जात नाही, ओरखडे सर्व दिशांना विखुरतात आणि नजरेला एकसंध पृष्ठभाग दिसतो. याचा आणखी एक मोठा फायदा असा की लाकडाच्या रेषेची दिशा सांभाळण्याचे बंधन बरेच सैल होते, आणि चौकटीत उभ्या व आडव्या फळ्या जिथे काटकोनात मिळतात तिथेही एकाच यंत्राने घासता येते. मात्र ही मोकळी गती नाजूक असते. यंत्रावर अंगभार टाकून दाबले की पॅडचे फिरणे थांबते, फक्त कंपन उरते आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे ओरखडे रांगेने उमटतात, जे पॉलिशखाली हमखास दिसतात.

चौथा प्रकार कोपऱ्यांसाठीच्या लहान सँडरचा, ज्याचे पॅड इस्त्रीसारखे पुढे टोकदार असते. देव्हाऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात किंवा खुर्चीच्या गजांमध्ये त्याचा उपयोग होतो, परंतु लहान पॅडमुळे मोठ्या पृष्ठभागावर तो थकवतो, म्हणून त्याला मुख्य यंत्राचा जोडीदार समजावे.

यापलीकडे, घरात आधीच असलेल्या ग्राइंडरला वेल्क्रोचे पॅड लावून तोच सँडर म्हणून वापरण्याची रीत बरीच रूढ आहे, आणि तिचा धोका साध्या गणिताने दिसतो. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल तर तिच्या काठावरचा कण मिनिटाला जवळजवळ ३,४५० मीटर अंतर कापतो. उलट मिनिटाला १२,००० फेरे आणि अडीच मिलिमीटरची कक्षा असलेल्या रँडम ऑर्बिटलमध्ये कणाची त्या कंपनातली वाटचाल ९५ मीटरांच्या आसपास भरते. म्हणजे ग्राइंडरवरचा कण छत्तीसपट वेगाने लाकडाला भिडतो, घर्षणाच्या उष्णतेने लाकूड करपते आणि चकतीच्या काठाने अर्धचंद्राकृती चर पडतात. खडबडीत ओंडक्याला आकार देण्यासाठी हे साधन चालू शकेल, पण पॉलिशपूर्वीच्या घासकामात त्याला स्थान नाही.

घरातले पहिले यंत्र

या तुलनेवरून निष्कर्ष असा निघतो की ज्याला एकच यंत्र घ्यायचे आहे त्याने १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर घ्यावा. १५० मिलिमीटरच्या पॅडचे क्षेत्रफळ त्याहून सुमारे ४४ टक्के अधिक असते आणि जेवणाच्या मेजासारख्या मोठ्या पाट्यांवर ते लवकर काम उरकते, परंतु ते यंत्र जड असते, त्याचे कागद लहान गावांत सहज मिळत नाहीत आणि अरुंद पट्ट्यांवर ते डगमगते. पाच इंची यंत्राचे वजन सामान्यतः दीड किलोच्या आत असते व त्याची मोटर २५० ते ३०० वॅटची असते, जी घरगुती कामाला पुरेशी आहे. वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते याचे माप असून त्यातून घासण्याचा दर्जा कळत नाही, ही गोष्ट खरेदीदाराने मनाशी पक्की ठेवावी.

वॅटपेक्षा तपासण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, वेग कमी-जास्त करण्याची चकती असावी, कारण जुने पॉलिश पूर्ण वेगात घासले तर उष्णतेने ते वितळून कागदावर गोळ्या धरते, आणि पातळ आवरण घासताना मंद वेगच सुरक्षित असतो. दुसरी, पॅडला गतिरोधक असावा. यंत्र लाकडावरून उचलले की मोकळे पॅड भरधाव फिरू लागते आणि पुन्हा टेकवताक्षणी खोल वेटोळे काढते. पॅडला टेकलेले रबरी कडे हा वेग आवरते. दुकानात यंत्र हवेत धरून सुरू केल्यावर पॅडचा वेग कसा आवरला जातो, हे पाहून त्याची परीक्षा करता येते. तिसरी, कक्षेचा व्यास यंत्राच्या माहितीपत्रकात पाहावा : दोन ते तीन मिलिमीटरची कक्षा बारीक कामाला अनुकूल असते, तर पाच मिलिमीटरची कक्षा लाकूड झपाट्याने उतरवते पण ओरखडा ठळक सोडते. चौथी, पॅडवरील छिद्रांची मांडणी परिसरातल्या दुकानांत मिळणाऱ्या कागदांशी जुळते की नाही हे आधीच पाहून घ्यावे, कारण छिद्रे जुळली नाहीत तर धूळ शोषली जात नाही आणि ती कागद व लाकूड यांच्यामध्ये अडकून नवे ओरखडे काढते.

कोणत्या लाकडावर काम होणार याचाही विचार यातच येतो. बल्लारपूरच्या आगारातून येणारे सागवान महाराष्ट्रातल्या घरांत मानाचे मानले जाते. त्यात नैसर्गिक तेल असते व सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, काही प्रमाणात असते, त्यामुळे कागद लवकर भरतो आणि धारही लवकर जाते. अशा लाकडासाठी कण विरळ पेरलेला आणि वरून पांढरट स्टिअरेटचा लेप दिलेला कागद घ्यावा, कारण त्या लेपावर भुसा चिकटत नाही. प्लायवूडची अडचण अगदी उलटी आहे. त्याच्या दर्शनी बाजूचा सागवानी पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि ८० नंबरच्या कागदाने यंत्र काही सेकंद एका जागी राहिले तर खालचा गडद थर उघडा पडतो, ज्याला पुढे काही इलाज नसतो. म्हणून असा पापुद्रा १५० किंवा १८० नंबरपासूनच घासावा, कडांजवळ यंत्र थांबवू नये, आणि पट्ट्याचा सँडर त्याच्याजवळही नेऊ नये. जोडांतून बाहेर आलेला पांढरा डिंक ओल्या फडक्याने वेळीच पुसून घ्यावा. वाळल्यावर तो घर्षणाने मऊ पडतो व कागद चोंदवतो.

धूळ हा दुय्यम प्रश्न नव्हे

घासकामाच्या चर्चेत धुळीचा विषय शेवटी, केवळ सूचना म्हणून येतो, आणि तिथेच मोठी चूक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केली. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कारागिरांमध्ये स्पष्ट झालेला आहे. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येते किंवा दमा बळावतो, आणि प्लायवूड व एमडीएफ यांच्या धुळीत त्यांना जोडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेचे कणही मिसळलेले असतात. करवतीचा भुसा जड असल्याने खाली पडतो. सँडरची धूळ मात्र बारीक असते, तासन्‌तास हवेत तरंगते आणि फुप्फुसात खोलवर जाते. ज्या घराच्या गॅलरीत हे काम चालते त्याच घरात मुले झोपतात आणि स्वयंपाक होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

सँडरला जोडून मिळणारी कापडी पिशवी दिसणारा भुसा धरते, पण सर्वांत घातक असा बारीक भाग कापडातून पार होतो. त्यामुळे यंत्राच्या धूळनळीला व्हॅक्युम क्लीनरची नळी घट्ट बसते की नाही हे खरेदीच्या वेळीच पाहावे, आणि बसत नसेल तर मधला रबरी जोड मिळतो का याची चौकशी करावी. धूळ अशी ओढली गेली की कागदही थंड व मोकळा राहतो, जास्त टिकतो आणि ओरखडा स्वच्छ पडतो, म्हणजे आरोग्यासाठी केलेला खर्च कामाच्या दर्जातून परत येतो. तोंडाला रुमाल बांधणे हा उपाय नाही. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी-२ असा शिक्का असलेला मुखपट्टा, नाकाशी फट न राहता, लावावा. पिशवी काम संपताच रिकामी करावी, कारण लपलेल्या खिळ्यावर कागद घासून उडालेली ठिणगी भुशात बराच वेळ धुमसत राहू शकते.

जुन्या वाड्यांची दारे, चौकटी आणि झोपाळे सोडवून आणून पुन्हा उजळवण्याची आवड महाराष्ट्रात आणि गोव्यात वाढत असताना एक इशारा विशेष महत्त्वाचा ठरतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, इतके मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व पुढच्या वर्षी लागू झाले. त्यापूर्वीच्या तैलरंगांत शिसे बरेच अधिक असण्याची शक्यता असते. अशा रंगावर सँडर चालवणे म्हणजे शिशाची भुकटी घरभर उधळणे होय, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. म्हणून जुने रंगीत दार कोरडे घासू नये. रंग काढण्याचे द्रावण लावून तो ओला असतानाच खरवडावा, खरवड गोळा करून बांधून टाकावी, आणि मूळ लाकूड उघडे व स्वच्छ झाल्यावरच यंत्राला हात लावावा. ओल्या पृष्ठभागावर विजेचे यंत्र चालवणे हे तर कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध आहे.

वीज, कंपन आणि सुटे भाग

यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे असे समजावे. अशा यंत्राला दोन पिनांची वायर असते आणि अर्थिंगची गरज नसते. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली अवजारे अनेक मराठी घरांत येतात, त्याबाबत सावधगिरी आवश्यक आहे : अमेरिकेतला सँडर १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि भारतातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला तर मोटर जळते, म्हणून पुरेशा क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च व वजन आधीच हिशेबात धरावे. बॅटरीवरचा सँडर वायरीच्या कटकटीतून सोडवतो, परंतु घासकामात मोटर न थांबता चालत असल्याने बॅटरी लवकर उतरते. ज्याच्याकडे त्याच बनावटीच्या इतर अवजारांच्या दोन-तीन बॅटऱ्या आहेत त्यालाच तो परवडतो.

कंपनाचा विचारही आकड्यांत करता येतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची दक्षता-पातळी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवलेली आहे, आणि त्या सूत्राने ज्या यंत्राचे कंपन ५ आहे त्यावर ही पातळी दोन तासांतच गाठली जाते, तर कंपन १० असेल तर अर्ध्या तासात. चांगल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा दिलेला असतो, आणि स्वस्त व महाग यंत्रांतला खरा फरक पुष्कळदा इथेच आढळतो. म्हणून यंत्र हातात घेऊन, सुरू करून, मिनिटभर धरून पाहावे, आणि बोटांना मुंग्या येतात का याकडे लक्ष द्यावे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या अवजारांच्या जुन्या पेठेत किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानात जाण्याचा हाच मोठा लाभ आहे, शिवाय तिथे आणखी दोन प्रश्न विचारता येतात : बदली पॅड मिळते का, आणि कार्बन ब्रश मिळतात का. कार्बन ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे झिजणारे ठोकळे होत, आणि पॅडच्या वेल्क्रोचे आकडेही उष्णतेने वितळतात. हे दोन भाग न मिळणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी अखेरीस महागच पडते.

एक सागवानी पाट

हे सारे विवेचन एका साध्या वस्तूवर लावून पाहता येते. ४५ बाय ४० सेंटिमीटरचा, दोन फळ्या जोडून केलेला सागवानी पाट समोर आहे असे धरू. त्यावर प्रथम पेन्सिलीने फिकट आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात आणि पाट सरकणार नाही असा बांधून घ्यावा. ८० नंबरचा कागद लावलेला सँडर लाकडावर टेकवून मग सुरू करावा, आणि सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढेल असा पुढे न्यावा. या गतीने पाटावरून एकदा हात फिरवायला साधारण दोन मिनिटे लागतात, आणि नेमकी हीच गती नवशिक्याला असह्य वाटते. तो भराभर हात मारतो, आणि मग पॅडच्या फिरण्यापेक्षा हाताची ओढच लाकडावर उमटते. दाब यंत्राच्या वजनाइतका आणि त्यावर विसावलेल्या तळव्याइतकाच असावा. पेन्सिलीच्या रेघा जिथे पुसल्या गेल्या तिथे कागद पोहोचला, आणि जिथे उरल्या तो भाग खोलगट आहे, हे पाट स्वतःच सांगतो.

सर्व रेघा गेल्या की धूळ पूर्णपणे पुसून काढावी, कारण मागे राहिलेला ८० नंबरचा एक सुटा कण पुढच्या सगळ्या कष्टांवर ओरखडा ओढू शकतो. मग १२० व नंतर १८० नंबरचा कागद त्याच क्रमाने चालवावा. प्रत्येक टप्प्यानंतर दिवा घालवून टॉर्च पाटाशी जवळजवळ समांतर धरली की उजेड तिरपा पडतो आणि एरवी न दिसणारी वेटोळी सावल्यांसह उभी राहतात. ती पुढच्या कागदाने जाणार नसतील तर मागच्या कागदाकडे परतण्यात कमीपणा नाही. १८० नंतर ओलसर फडके फिरवून पाट वाळू द्यावा. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो, तो २२० किंवा २४० नंबरने अगदी हलका घासून घ्यावा. फळीच्या टोकांना, जिथे तंतू आडवे कापले गेलेले असतात, एक नंबर अधिक बारीक कागद वापरावा, म्हणजे तिथे रंग जास्त मुरून टोके काळपट दिसणार नाहीत. चपडा लाखेच्या स्पिरिट पॉलिशसाठी किंवा पीयूच्या थरासाठी एवढी तयारी पुरते.

आणि शेवटी सँडर बाजूला ठेवून, शेवटच्या नंबरचाच कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, तो हाताने लाकडाच्या रेषेच्या दिशेने पाचसात वेळा फिरवावा, म्हणजे यंत्राने सर्व दिशांना विखुरलेले ओरखडे एका दिशेला लागतात आणि सागवानाची रेषा उघडी होते. पाटाच्या कडांचा गोलवाही याच वेळी हाताने काढावा, कारण गोल कडेवर सपाट पॅड चालवले की तिथे चपटे पैलू पडतात. सावंतवाडीच्या खेळण्यांवरचा किंवा गोव्यातल्या जुन्या शिसवी खुर्च्यांच्या हातांवरचा गोलवा ज्याने हात फिरवून पाहिला आहे त्याला हे काम बोटांवर सोपवण्याचे कारण समजते. यंत्राने दोन दिवसांचे श्रम एका दुपारीत आणले, यात त्याचे मोल आहे. परंतु पुढची अनेक वर्षे त्या पाटावर जो माणूस जेवायला बसेल, त्याच्या हाताला काय लागावे हे ठरवणारा शेवटचा ओरखडा हाताचाच असतो, आणि चांगला सँडर तोच, जो त्या हातासाठी कमीत कमी काम मागे ठेवतो.